मुक्काम आधी, गाडी नंतर : रिटायर झाल्यावर मोटरहोममध्ये राहायला निघणाऱ्यांसाठी

आमची पांढरी ट्रॅव्हलर मिनीबस, आतून घर करून घेतलेली, एखाद्या गावाच्या पारापाशी थांबली की अर्ध्या तासात कुणीतरी बाही वर करून दारात उभं राहतं. "बाई, बीपी बघायलाव का?" फिरता दवाखाना आला असं वाटतं लोकांना. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, बीपीचं मशीन गाडीत असतंच, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पट्टा बांधता बांधता गोड पाणी कुठं आहे, रात्री गाडी कुठं लावावी, कुठला पूल खचलाय, हे सगळं कळतं. तीन वर्षं आम्ही दोघं या गाडीतच राहतोय. हे एसटीत ड्रायव्हर होते. घर अंबाजोगाईला आहे, लेकरं बाहेर.

आमच्यासारखं निघायची इच्छा असलेली जोडपी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी कोणती घ्यावी?" हा प्रश्न पाचवा आहे. आधीचे चार सोडवले नाहीत तर लाखोंची गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते. अशा दोन मी पाहिल्यात.

१. आधी घरातच पंधरा दिवस

घरातली सगळ्यात लहान खोली निवडा. दोन ताटं, दोन पातेली, कढई, तवा, चार-चार कपडे आणि औषधं आत घ्या, बाकी घराला कुलूप. रोज सकाळी एका टाकीत ५० लिटर पाणी मोजून भरा. अंघोळ, स्वयंपाक, भांडी, पिणं, सगळं त्यातच.

आमचं तिसऱ्याच दिवशी भांडण झालं. मी केस धुतले आणि ह्यांच्या अंघोळीला पाणी उरलं नाही. तेव्हाच ठरलं की केस धुवायचा दिवस पाणी भरायच्या जागी. हे रात्री तीनदा उठतात, साठीनंतर बऱ्याच पुरुषांचं असं होतं. मग आतल्या कडेला झोपलेल्या माणसानं बाहेरच्याला ओलांडून जायचं का? त्या एका प्रश्नावर आम्ही गाडीतला पलंग आडवा न ठेवता उभा ठेवला, दोघांना उतरायला आपापली बाजू. सुताराला हे सुचत नाही, ते आपल्यालाच सांगावं लागतं.

पंधरा दिवसांत तोंडं फिरली नाहीत तर पुढं वाचा.

२. घर विकू नका

भाड्यानं द्या, पण एक खोली आणि पत्ता स्वतःकडं ठेवा. आधार, मतदान, गाडीची नोंदणी, गॅसचं कनेक्शन, पेन्शनचं बँक खातं, सगळं पत्त्यावर चालतं.

पेन्शनरांनी हयातीच्या दाखल्याचा महिना पाठ करावा. माझी सरकारी पेन्शन, म्हणजे दाखला नोव्हेंबरात. ह्यांची ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणारी, तिथं वर्षात केव्हाही दाखला देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. जीवन प्रमाण ॲपवर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं चेहरा दाखवून तो कुठूनही काढता येतो. फक्त सकाळच्या उजेडात काढा, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर हिरवी पट्टी निघेपर्यंत थांबा.

वय ७० च्या पुढं असेल तर प्रवासाला निघण्याआधी सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि योजनेतल्या दवाखान्यांत दुसऱ्या राज्यातही चालतं. आमची सत्तरी अजून लांब आहे, म्हणून आम्ही खासगी विमा चालू ठेवलाय. हप्ता टोचतो. भरतो.

३. रात्री कुठं लावायची

हा सगळ्यात मोठा भाग. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पाणी, वीज, संडास असलेल्या कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. आमच्या मराठवाड्यात तसं उभं राहिलेलं पार्क आम्हाला अजून लागलेलं नाही. त्यामुळे जागा आपणच जोडायच्या.

सगळ्यात भरवशाचा मुक्काम देवस्थानाचा. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ इथं भक्तनिवासाच्या आवारात किंवा पार्किंगमध्ये विचारून लावता येतं. एक खोली घेतली तर अंघोळ, कपडे धुणं आणि बॅटरी चार्ज करणं एकदमच होतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास आहेत, लंगर आहे. तिथं आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र लाज वाटली आणि मी लंगरच्या स्वयंपाकात पोळ्या लाटायला बसले. सचखंडाच्या, म्हणजे मुख्य गुरुद्वाऱ्याच्या, जवळच्या गल्ल्यांत मोठी गाडी घालू नका. लांब लावून रिक्षानं जा.

सणावाराला मात्र हीच ठिकाणं टाळायची. नवरात्रात तुळजापूर, महाशिवरात्रीला परळी आणि औंढा, नाथषष्ठीला पैठण. पार्किंग गावाबाहेर जातं आणि एकदा आत शिरलेली गाडी दोन दिवस हलत नाही.

दुसरा मुक्काम पेट्रोल पंपाचा, जिथं ट्रक रात्रभर थांबतात असा. तिथंच डिझेल भरा, मॅनेजरला सांगा, ट्रकच्या रांगेत न लावता ऑफिसच्या उजेडात लावा. रात्रभर इंजिनांचा आवाज असतो. ह्यांना त्याशिवाय झोप येत नाही, मला त्यात येत नाही.

तिसरा आणि मला सगळ्यात आवडणारा, शेतातला आखाडा, म्हणजे रानातली वस्ती. ओळखीतून जावं. गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला नाव, मोबाईल नंबर आणि किती दिवस थांबणार ते सांगावं. न सांगता लावलेल्या गाडीकडं गाव संशयानं बघतं आणि त्यात त्यांची चूक नाही. सांगितलं की तेच लोक रात्री बॅटरी घेऊन बघून जातात. लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला असाल तर मुक्कामाची चिंता सोडा. वाटेनं जाणाऱ्यालाही रानात बोलावून भज्जी, उंडे आणि आंबील पोटभर वाढतात. फक्त दुपारनंतर गाडी चालवायचं ठरवू नका, आंबिलीनं डोळे मिटतात.

लेणी बघायची तर वार पाहून जा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, पुढं त्यांच्या बसनं जायचं. एमटीडीसीचं निवासस्थान फर्दापूरला आहे, आधी फोन करून गाडी लावू देतात का ते विचारा.

नदीकाठ, नाला, धरणाच्या खालची बाजू इथं पावसाळ्यात मुक्काम नाही म्हणजे नाही, आभाळ कोरडं असलं तरी. पाऊस वर बालाघाटच्या डोंगरांत पडतो आणि पूर खाली येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा-भूम भागात लोकांना घराच्या छतांवर रात्र काढावी लागली. आपण तर चाकांवर.

४. पाणी आणि दुसरं पाणी

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात आपण फिरतोय हे विसरू नये. टँकरपुढं घागरींची रांग असेल तर तिथं आपली टाकी भरायला उभं राहायचं नाही. कितीही पैसे देऊ केले तरी नाही. पाणी पंपावर, भक्तनिवासात किंवा बारमाही विहीर असलेल्या शेतात भरावं. पिण्यासाठी २० लिटरचा जार आता लहान गावातही मिळतो. बोअरचं पाणी बरंच ठिकाणी क्षाराचं, त्यात डाळ शिजत नाही आणि नळाच्या जाळीत पांढरा थर धरतो. ती जाळी पंधरवड्याला लिंबाच्या पाण्यात टाकून साफ करते मी.

आमची टाकी १२० लिटरची, दोघांना अडीच दिवस पुरते. मोठी बसवायचा मोह होतो, पण १२० लिटर म्हणजे १२० किलो. आणि टाकी एका अंगाला, बॅटरी दुसऱ्या अंगाला असलीच पाहिजे. आमच्या कारागिरानं टाकी, ओटा आणि फ्रीज तिन्ही डाव्या बाजूला बसवून दिलं होतं. पहिल्याच घाटात हे म्हणाले, "अगं, गाडी लंगडायली." सगळं उचकटून पुन्हा करावं लागलं. काम झालं की टाकी भरून, सामानासकट गाडी धर्मकाट्यावर चढवा आणि आरसी बुकातल्या वजनाशी ताडून बघा. खासगी काटा शोधा, साखर कारखान्याच्या काट्यावर आमच्याकडं कुणाचा भरवसा नाही.

आता दुसरं पाणी. याबद्दल कुणी लिहीत नाही आणि बायकांचा पहिला प्रश्न हाच असतो. गाडीत कॅसेट टॉयलेट घ्या, म्हणजे खालचा डबा ओढून काढता येतो. दोघांना तो दोन-तीन दिवसांत भरतो. आम्ही तो फक्त रात्री आणि अडीअडचणीला वापरतो, सकाळी पंपावरचं किंवा भक्तनिवासातलं संडास. डबा रिकामा करायचा तो संडासातच, विचारून, आणि नंतर स्वतः दोन बादल्या पाणी ओतून. रानात, ओढ्यात, गटारात कधीच नाही. डब्यात टाकायचं औषध जिवाणू असलेलं घ्या. फॉर्मालिनचं, म्हणजे जिवाणू मारणारं, घेतलं तर ज्यांच्या शोषखड्ड्यात ओताल त्यांचा खड्डा बिघडतो. भांड्यांचं सांडपाणी वेगळ्या डब्यात धरा. साबण थोडा असेल तर आखाड्यावर झाडाला घालता येतं, तेही मालकाला विचारून.

५. आता गाडी

आम्ही जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि आतून बांधून घेतली. सगळं मिळून साडेअकरा लाखांना पडलं. ट्रॅव्हलर का, तर तिच्यात माणूस ताठ उभा राहतो आणि तिचं काम कुठल्याही तालुक्याच्या गावचा मिस्त्री करतो. वडापच्या गाड्या नाहीतर शाळेच्या गाड्या म्हणून ती सगळीकडं आहे, पार्ट मिळतात. परदेशी बनावटीची देखणी गाडी किनवटच्या रस्त्यावर बंद पडली की काय करणार?

विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याची घेऊन राहून बघा.

कागदांचं आधी आणि बांधकाम नंतर. गाडीत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते आणि आरसी बुकात वाहनाचा प्रकार बदलून यावा लागतो. पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यवसायाची गाडी घेत असाल तर ती खासगी करून घेणं हे वेगळं काम आहे. ते विकणाऱ्याच्या गळ्यात घाला आणि झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बदल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातात हात वर करायला त्यांना कारण मिळतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी तपासणी. गाडीचं वय त्या हिशेबानं बघा.

लायसन्सचंही बघा. पंचावन्नच्या पुढं ते एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरांचा नमुना १-अ चा दाखला लागतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, ट्रॅव्हलर त्यात बसते.

आणि बायांनो, तुम्ही पण चालवायला शिका. मी एकोणसाठाव्या वर्षी लायसन्स काढलं. शिकवणारा घरचाच एसटी ड्रायव्हर असल्यानं दोन महिने घरात अबोला होता. पण माजलगावच्या अलीकडं एकदा ह्यांची शुगर उतरली, हात थरथरायला लागले. साखर खायला दिली, बाजूला बसवलं आणि गाडी मी पुढं नेली.

६. ऊन पाहिजे, सावली पण पाहिजे

छतावर ४०० वॅटचं सोलर असलं तर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास मिळतं. बारा व्होल्टचा लहान फ्रीज अर्धं-पाऊण युनिट खातो, दोन पंखे रात्रभर चालले तर आणखी पाव-अर्धं, मग दिवे, मोबाईल आणि पाण्याची मोटर. म्हणजे बसतं, पण काठोकाठ. २०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी असली तर एक-दोन ढगाळ दिवस निघतात. एसी विसरा. एक टनाचा एसी तासाला पाऊण-एक युनिट ओढतो, तो फक्त बाहेरून वीज मिळेल तिथं.

पण उन्हात लावली तर गाडीची भट्टी होते आणि लिंबाखाली लावली तर सोलर झोपतं. यावर आमचा तोडगा असा: छतावर निम्म्या पाट्या, आणि उरलेल्या घडीच्या, दहा मीटर वायरीवर. गाडी सावलीत, पाट्या उन्हात, मी दोघांच्या मध्ये शेंगा फोडत. छताला आतून जाड फोम लावून घ्या, त्यात काटकसर नको. झाड निवडताना कडुलिंब पहिला. चिंचेखाली भुताच्या भीतीनं कुणी लावू देत नाही. मला तिच्या वाळक्या फांद्यांची भीती वाटते.

स्वयंपाकाला ५ किलोची टाकी बास. टाकी उभी, बांधलेली, आणि तिच्या खालच्या बाजूला हवा जायला भोक, कारण हा गॅस जड, तो खाली साचतो. थंडीत ऊब म्हणून शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हा मोह होतो. अशा गाड्यांतून गुदमरलेली, बाहेर काढलेली माणसं मी दवाखान्यात पाहिलीत. गोधडी घ्या, दोन घ्या.

भांड्यांचं मला एका ऊसतोड बाईनं शिकवलं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्यांचा ट्रक आणि आमची गाडी एकाच पंपावर होती. तिनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, भांडी लई झालीत." सहा महिन्यांसाठी कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या तिच्या घराची भांडी एका पाटीत मावत होती. त्या रात्री मी निम्मी काढून ठेवली. परत आणली नाहीत.

७. औषधं

तीन महिन्यांची घ्या, चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. जनऔषधी केंद्रात त्याच नावानं मिळतं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, गोठलं की फेकायचं. वापरातलं साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत चालतं, आणि बंद गाडी एप्रिलात त्याच्या कितीतरी वर जाते. फ्रीज बिघडला तर ओल्या वाळूत लहान मडकं, त्यात डबी. उन्हाचं अंगावर आलं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, घोट घोट. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर घरगुती काही नाही, अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन करा.

८. कधी, कुठल्या रस्त्यानं

मराठवाडा फिरायचा तो दसऱ्यापासून होळीपर्यंत. जानेवारीत हुरडा असतो. एप्रिल-मेमध्ये आम्ही थंड हवेला निघून जातो. तेवढं जमत नसेल तर म्हैसमाळला रात्री बऱ्या असतात.

दसरा-होळीच्या हंगामात एकच वैरी, उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस दिवस मावळला की गाडी बाजूला घेतो, तर तुम्ही-आम्ही कोण? पावसात डांबर सोडू नका. काळ्या मातीत एका सरीत गाडी आसापर्यंत रुतते. गंगाखेडजवळ आम्ही वीस पावलं आत गेलो आणि ट्रॅक्टरनं ओढून निघायला संध्याकाळ झाली. त्या शेतकऱ्यानं पैसे घेतले नाहीत, पण सगळ्या गावाला दाखवून आणलं.

मोठ्या शहरात गाडी घालू नका, बाहेर लावून एसटीनं जा. बाईला अर्धं तिकीट, ६५ च्या पुढं सगळ्यांनाच अर्धं आणि ७५ च्या पुढं फुकट.

९. पहिली फेरी

लांबची आखू नका. आम्ही नव्या जोडप्यांना हीच देतो: अंबाजोगाईहून परळी, तिथं एक रात्र. मग गंगाखेड, परभणीवरून औंढा नागनाथ, दोन रात्री, म्हणजे सामान कुठं खडखडतं ते कळतं आणि बांधता येतं. औंढ्याहून वसमतमार्गे नांदेड, तीन रात्री. परतीला लोहा, अहमदपूर, लातूर. वाटेत माळेगाव लागतं. मार्गशीर्षातली खंडोबाची जत्रा भरली असेल तर मुक्काम न करता उतरून बघून या. घोडे, गाढवं, उंट आणि पालं टाकून बसलेली, जन्मभर वाटेवर राहिलेली माणसं. ह्यांनी तिथं एका म्हाताऱ्याला आमची गाडी कौतुकानं दाखवली होती. त्यानं चाकं बघितली, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले आणि विचारलं, "कुत्रं कुठाय?"

आम्ही अजून ठेवलं नाही. पण रात्री दाराची कडी आतून लावली की मला त्याचा प्रश्न आठवतो, आणि पुढच्या फेरीला पिल्लू बघायचं आमचं ठरलंय.